वितरित संगणन लॅबमधून उद्यमबागेत न्यायचं तर: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

कॉलेजच्या लॅबमध्ये आठ-दहा पीसी जोडायचे, एक मोठं काम त्यांच्यावर वाटून द्यायचं (यालाच वितरित संगणन म्हणतात) आणि सोळा तासांचं काम दोन तासांत उरकायचं, हे बेळगावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आता अनेकांना जमतं. काम वाटून देणारं तेच सॉफ्टवेअर उद्यमबाग किंवा मच्छे या इथल्या औद्योगिक भागांतल्या कारखान्यात बसवलं की पहिल्या पंधरवड्यात अडतं आणि मग मालक फोन उचलेनासा होतो. बहुतेक वेळा दोष अल्गोरिदमचा नसतो. आधी वेग वाढवला, मग गिऱ्हाईक शोधलं, मग करार केला, आणि सगळ्यात शेवटी कळलं की कोड कोणाच्या मालकीचा हेच ठरलेलं नाही, असा उलटा क्रम झालेला असतो.

हा लेख प्राध्यापक, एम.टेक.-पीएच.डी.चे विद्यार्थी आणि दोन-चार जणांची सॉफ्टवेअर युनिटं यांच्यासाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: फाउंड्रीतलं (ओतकामाच्या कारखान्यातलं) कास्टिंग सिम्युलेशन, म्हणजे साच्यात ओतलेला धातू कसा गोठेल हे संगणकावर आधीच बघणं, कारखान्यातल्याच रिकाम्या पीसींवर वाटून चालवणं. तुमचं काम वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## सुरू करण्याआधी हातात काय हवं

- कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि तो त्या वेळी पगारी होता, शिष्यवृत्तीवर होता की नुसता विद्यार्थी, याची यादी.
- बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि परवाना.
- आतापर्यंत प्रसिद्ध झालेले किंवा पाठवलेले शोधनिबंध, तारखांसकट.
- एक लॅपटॉप, एक गिगाबिट स्विच, तपासलेल्या चार कॅट-६ केबली आणि केबल टेस्टर.
- कारखान्यात रात्री थांबू शकेल असा एक माणूस.

शेवटची गोष्ट गमतीने लिहिलेली नाही. वितरित कामं रात्री चालतात आणि रात्रीच पडतात.

## टप्पा १: मालकी कागदावर आणा

नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. विद्यार्थी मात्र नोकर नसतो. त्यामुळे एम.टेक.च्या मुलाने लिहिलेला शेड्युलर (पीसींना कामं वाटून देणारा प्रोग्राम) बहुधा त्याचाच राहतो, मग मार्गदर्शकाने कितीही तास घातलेले असोत. तो मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला गेला की सही मिळवणं अवघड होतं. म्हणून प्रकल्प संपण्याआधीच त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्या.

त्या हस्तांतरणात तीन गोष्टी हमखास सुटतात आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १९ त्या तिन्हींची किंमत वसूल करतं. मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त ५ वर्षांपुरता मानला जातो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर, तो परत जातो. ‘कॉपीराइटची संपूर्ण मुदत, संपूर्ण जग, एक वर्षाची अट लागू नाही’ असे स्पष्ट शब्द घाला.

कॉलेजशीही लिहून घ्या. नवोपक्रम आणि स्टार्टअपच्या २०१९ च्या राष्ट्रीय धोरणात, संस्थेची जागा व साधनं वापरली असतील तर तिने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असा संकेत आहे. तोंडी ‘बघू नंतर’ यावर थांबू नका. कंपनीला पहिला पैसा मिळाल्यावर हीच चर्चा फार कडू होते.

पेटंटचं म्हणाल तर भारतात नुसता संगणक प्रोग्राम किंवा अल्गोरिदम यांना ते मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये तसं स्पष्ट आहे. तांत्रिक परिणाम दाखवता येत असेल तरच त्या वाटेला जा. जायचं ठरलं तर शोधनिबंध किंवा प्रबंध बाहेर जाण्याआधी तात्पुरता अर्ज भरा. पूर्ण अर्जाला तिथून १२ महिने मिळतात. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. निबंध छापून आल्यावर वकिलाकडे जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. प्रसिद्धीनंतरच्या सवलती फार अरुंद आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

बाहेरून घेतलेल्या खुल्या कोडच्या परवान्यांची चाळणी अशी लावा. एमआयटी, बीएसडी आणि अपाचे २.० चालतात, फक्त त्यांचे मजकूर सोबत द्या. जीपीएल परवान्याचा कोड तुमच्या एजंटमध्ये (प्रत्येक पीसीवर बसणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) जोडला आणि तो एजंट गिऱ्हाइकाच्या पीसीवर बसवला, तर ते वितरण झालं आणि तुमचा जोडलेला कोडही खुला करण्याची जबाबदारी येते. जीपीएलचा प्रोग्राम वेगळाच ठेवून बाहेरून चालवणं ही निराळी गोष्ट आहे. ओपनफोमसारखा सॉल्व्हर (सिम्युलेशनची गणितं सोडवणारा प्रोग्राम) तसा वापरता येतो. एजीपीएल असेल तर नेटवर्कवरून सेवा दिली तरी अट लागू होते. शिवाय आवृत्ती गोठवा. रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला, तेव्हा ‘नवीन ते चांगलं’ म्हणून आपोआप अद्ययावत करणाऱ्यांची धावपळ झाली होती.

तपासणी: प्रत्येक फाइलच्या लेखकासमोर सही केलेला कागद आहे का? एक जरी रिकामी जागा असेल तर तो भाग पुन्हा लिहून काढा. दोन आठवडे जातील, पण पुढचा वाद टळेल.

## टप्पा २: एकच काम निवडा

‘आमचं सॉफ्टवेअर कोणतंही काम वाटून देतं’ हे वाक्य परिषदेत चालतं. कारखान्याच्या मालकाला त्यातून काहीच कळत नाही. एक काम निवडा आणि ते या कसोट्यांवर घासा:

1. तुकडे एकमेकांशी न बोलता चालतात का?
2. एक तुकडा १० ते ६० मिनिटांचा आहे का? दोन मिनिटांचे तुकडे वाटण्यातच वेळ जातो. सहा तासांचा तुकडा पडला तर रात्र वाया.
3. तुकड्याचं इनपुट काहीशे एमबीच्या आत आहे का?
4. उत्तर उद्या सकाळी मिळालं तरी चालतं का?

फाउंड्रीतलं मेथडिंग, म्हणजे धातू साच्यात कसा ओतायचा हे ठरवणं, यात चपखल बसतं. रायझरचे (गोठताना जास्तीचा धातू पुरवणाऱ्या भागाचे) ४ आकार, ओतण्याची ३ तापमानं आणि गेटिंगच्या (धातू आत जाण्याच्या वाटांच्या) २ रचना, म्हणजे २४ सिम्युलेशन. प्रत्येकी ४० मिनिटं धरली तर एका पीसीवर १६ तास. आठ पीसींवर तीन फेऱ्या, म्हणजे २ तास. तुकडे पूर्ण सुटे असल्यामुळे गणित इतकं सरळ आहे.

याउलट एकच मोठं सिम्युलेशन कापून आठ पीसींवर पसरवलं तर प्रत्येक कालटप्प्याला सगळ्यांना सीमेवरची माहिती देवाणघेवाण करावी लागते. ऑफिसच्या नेटवर्कवर तिथेच घोडं पेंड खातं. त्यात कामाचा ५ टक्के भाग जरी एका पाठोपाठ एक असाच चालणारा असेल, तर अॅमडालच्या नियमाने १६ पीसींवर जास्तीत जास्त ९ पटींच्या आसपासच वेग मिळतो. तोही नेटवर्कचा उशीर शून्य धरून.

सावधान: गिऱ्हाइकाकडे विकत घेतलेलं सिम्युलेशन सॉफ्टवेअर असेल तर त्याचा परवाना आधी वाचा. एका सीटचा परवाना आठ पीसींवर पसरवता येत नाही, आणि तुमचा शेड्युलर कितीही चांगला असला तरी एका परवान्यावर एकच काम चालेल. प्रात्यक्षिक झालं, सगळे खूश झाले आणि मग हे कळलं, असं होऊ देऊ नका. खुला सॉल्व्हर वापरा, किंवा गिऱ्हाइकाने जास्तीच्या परवान्यांची किंमत विक्रेत्याकडून आणल्यावरच पुढे जा.

या भागात दुसरीकडे कुठे जाता येईल? हायड्रॉलिक्सवाल्यांकडे ब्लॉकच्या ताण-विश्लेषणाची कामं असतात, ती साधारण याच साच्यातली आहेत. शहापूर-वडगावच्या मागांना किंवा चिकोडी-अथणीच्या साखर कारखान्यांना याची गरज जवळजवळ नाही. त्यांची दुखणी संगणन शक्तीची नव्हेत. हत्तरगीच्या विमानभागांच्या कामात परदेशी ग्राहकांच्या गोपनीयतेच्या अटी असतात, म्हणून तिथून सुरुवात करू नका. लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंगवाले विचारतील. त्यांच्या फाइली इतक्या जड असतात की पीसीपेक्षा केबलच आधी दमते.

## टप्पा ३: मोजमाप गिऱ्हाइकाच्या जागेवर करा

लॅबमधले आकडे दाखवून विक्री करू नका. लॅबमध्ये सगळे पीसी एकसारखे, वातानुकूलन चालू, स्विच नवा. कारखान्यात खरेदी विभागाचा पीसी आठ वर्षांचा आणि डिझाइनचा दोन वर्षांचा असतो. दोन दिवस काढा आणि पुढील क्रमाने मोजा.

१. यादी. प्रत्येक पीसीचे कोअर, रॅम, डिस्कवरची मोकळी जागा, कोण वापरतं आणि किती वाजता बंद होतो. टॅलीचं मशीन यादीतून सरळ काढून टाका. ते एकदा जरी अडखळलं तर अकाउंटंट तुमचं काहीच चालू देणार नाही, आणि बरोबरच करेल.

२. रॅम. सिम्युलेशनला ६ जीबी लागत असेल तर ८ जीबीचा पीसी पात्र नाही. विंडोजला उरलेली जागा पुरत नाही, डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि ४० मिनिटांचं काम चार तास चालतं. एकूण रॅमच्या ६० टक्क्यांच्या वर एका कामाला देऊ नका.

३. केबल. दोन टोकांना आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला तर ठीक. ९४ च्या आसपास अडकला तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार नीट क्रिंप झालेली नसेल तर नेटवर्क चालू दिसतं, पण दहापट हळू चालतं. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ईमेलला तेवढं पुरतं.

याचा हिशेब बघा. आठ पीसी प्रत्येकी ४ जीबीचा निकाल एकाच वेळी सर्व्हरला पाठवतात, म्हणजे ३२ जीबी. सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर सेकंदाला सुमारे ११ एमबी, म्हणजे जवळजवळ ४८ मिनिटं. सिम्युलेशनलाच ४० मिनिटं लागतात! गिगाबिटवर तेच पाच मिनिटांत जातं. यावर आणखी सोपा उपाय म्हणजे निकालातला सार, आकुंचन-पोकळीचा नकाशा आणि चित्रं, एवढंच ५० एमबीत पाठवा. पूर्ण फाइल त्या पीसीवरच सात दिवस ठेवा आणि मागितली तरच आणा.

४. उष्णता. चाचणी पाच मिनिटांची नको, सलग दोन तासांची हवी. फाउंड्रीत वाळूची आणि काळी लोखंडी धूळ पंख्यात आणि हीटसिंकमध्ये भरते. पहिली वीस मिनिटं पीसी जोरात पळतो, मग तापून स्वतःच वेग कमी करतो. दुसऱ्या तासाचा वेग पहिल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घसरला तर आधी पीसी उघडून ब्लोअरने साफ करायला सांगा.

५. वीज. आठवडाभर नोंद ठेवा: हेस्कॉमचा पुरवठा किती वेळा गेला, किती वेळ गेला, जनरेटर किती सेकंदांनी आला. खानापूर बाजूला पावसाळ्यात आणि बेळगावात वळवाच्या दिवसांत हे आकडे वेगळे येतात. जानेवारीतल्या नोंदीवर जूनचं वचन देऊ नका.

तपासणी: आता तुमच्याकडे एक आकडा हवा: ‘या कारखान्यात, या पीसींवर, २४ सिम्युलेशन इतक्या तासांत.’ तो लॅबच्या आकड्यापेक्षा दीडपट ते दुप्पट वाईट असेल तर घाबरू नका. बाजारात न्यायचा तो हाच आकडा.

## टप्पा ४: पडलं तरी उभं राहील असं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. संशोधनात एक पीसी पडला तर प्रयोग पुन्हा लावतात. मालकाला मात्र रात्रपाळी सुटेपर्यंत टेबलावर अहवाल हवा असतो. वेग निम्मा झाला तरी तो चालवून घेईल, पण सकाळी अहवाल नाही हे त्याला चालणार नाही.

चेकपॉइंट, म्हणजे काम मध्येच पडलं तर तिथून पुढे चालवता यावं म्हणून केलेली जतन, किती वेळाने? अंदाजाने अर्धा तास ठेवू नका. यंगचं सूत्र वापरा: २ × चेकपॉइंटला लागणारा वेळ × दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, याचं वर्गमूळ. चेकपॉइंटला ३० सेकंद आणि पीसी सरासरी ४ तासांनी बंद पडत असेल (१४,४०० सेकंद), तर उत्तर सुमारे ९३० सेकंद, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटं. एकच काम आठ पीसींवर पसरलेलं असेल तर कोणताही एक पडला की सगळं पडतं. सरासरी वेळ ४ तासांऐवजी अर्धा तास होतो आणि चेकपॉइंट साडेपाच मिनिटांवर येतो. सुटे तुकडे का निवडायचे, याचं हे आणखी एक कारण.

काम परत कधी वाटायचं? प्रत्येक एजंटने दर १५ सेकंदांनी ‘जिवंत आहे’ असं कळवावं. चार हाका चुकल्या की संशय धरा, पण लगेच काम दुसऱ्याला देऊ नका. स्विच पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात तुम्ही आठही कामं पुन्हा वाटून बसाल. तीन मिनिटं थांबा.

मेला असं समजलेला पीसी परत येऊन निकाल देतोच. म्हणून प्रत्येक वाटपाला चढता क्रमांक द्या आणि जुन्या क्रमांकाचा निकाल नाकारा. निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. अर्धवट फाइल पूर्ण समजून पुढचा अहवाल तयार होणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण ती दिसत नाही. पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) बदलून, हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) ओतून झाल्यावर कळते.

विषारी काम. काही भूमिती सॉल्व्हरला पाडतात. ते काम एका पीसीला पाडतं, मग दुसऱ्याकडे जातं, त्यालाही पाडतं. सकाळपर्यंत आठही पीसी आडवे. तीन प्रयत्नांनंतर ते काम बाजूला काढून मेथड इंजिनिअरला (मेथडिंग करणाऱ्याला) दाखवा.

सर्व्हर किती? संशोधनातून आलेल्यांना इथे राफ्ट आणि एकमताचे गट (अनेक सर्व्हरांनी बहुमताने निर्णय घेण्याच्या रचना) बसवण्याची खुमखुमी येते. आठ पीसींच्या कारखान्यात ते नको. दोन सर्व्हर ठेवून ‘एक पडला तरी दुसरा’ म्हणणं तर आणखी वाईट: दोघांत बहुमत दोघांचंच होतं, त्यामुळे कोणताही एक पडला की गाडी थांबते. बसवायचेच तर तीन, म्हणजे एक पडला तरी चालतं. नाहीतर एकच सर्व्हर, त्याला यूपीएस आणि कामांच्या रांगेची दर तासाला दुसऱ्या डिस्कवर प्रत. या आकाराला हेच पुरतं.

सावधान: यूपीएसवर सर्व्हर असतो आणि स्विच मात्र भिंतीच्या प्लगला. वीज गेली की सर्व्हर जिवंत, पण कोणाशीच बोलू शकत नाही. स्विचही त्याच यूपीएसवर घ्या.

उत्तर बरोबर आहे का? वेगवेगळ्या प्रोसेसरांवर दशांशातले शेवटचे आकडे वेगळे येतात. म्हणून दोन निकालांची तुलना चेकसमने (फाइली तंतोतंत सारख्या आहेत का हे बघणाऱ्या आकड्याने) करू नका, ठरवलेल्या मर्यादेत करा. उदाहरणार्थ, घनीकरणाच्या वेळेत ०.५ टक्के फरक चालेल. ही मर्यादा मेथड इंजिनिअरकडून लिहून घ्या. दर ५० कामांमागे एक काम मुद्दाम दोन पीसींवर चालवा. बिघडत चाललेली रॅम अशीच सापडते.

तपासणी, प्लग काढून:

1. काम चालू असताना एका पीसीचा प्लग काढा.
2. स्विच बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.
3. सर्व्हर जबरदस्तीने बंद करा.
4. एका पीसीची डिस्क काठोकाठ भरा.
5. एका पीसीचं घड्याळ एक तास मागे न्या.

पाचही वेळा सकाळी २४ निकाल हवेत. तेवीसही नकोत आणि पंचवीसही नकोत.

## टप्पा ५: बसवता येईल असं पाकीट

लॅबमध्ये पायथनची स्क्रिप्ट हाताने सुरू करतात. इथे एकच इन्स्टॉलर हवा, इंटरनेटशिवाय चालणारा, विंडोज सेवा म्हणून बसणारा आणि प्रशासकाचे अधिकार नसलेल्या खात्यात चालणारा. एजंट-सर्व्हर संवाद कूटबद्ध आणि ठरलेल्या एकाच पोर्टवर.

इन्स्टॉलरवर डिजिटल सही करा. सही नसलेला, रात्री आपोआप जागा होऊन प्रोसेसर शंभर टक्के वापरणारा प्रोग्राम अँटीव्हायरसला चोरून क्रिप्टो नाणी खणणाऱ्या विषाणूसारखा दिसतो आणि तो त्याला उचलून बाहेर टाकतो. २०२३ च्या जूनपासून या सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित साधनावर ठेवावी लागते. मागवून हातात पडेपर्यंत वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा.

पीसीच्या सेटिंगचा कागद वेगळा ठेवा. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणं आणि नेटवर्कवरून जागं होणं, दोन्ही चालू. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद, नाहीतर शटडाऊन केलेला पीसी नेटवर्कवरून जागा होत नाही. स्लीप बंद. अपडेटनंतरचं रीस्टार्ट कामाच्या वेळेबाहेर म्हणजे नेमकं रात्री दोनला ठेवलेलं असतं. ते रविवारवर ढकला.

सर्व्हर अद्ययावत केला तरी एक आवृत्ती जुना एजंट चालला पाहिजे. आठही पीसी एकाच दिवशी चालू सापडतील असं धरू नका.

स्क्रीनवरचा मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत ठेवा. मालक आणि सुपरवायझर मराठी बोलत असतील, पण रात्रपाळीचा ऑपरेटर कन्नड वाचणारा असू शकतो. ‘काम थांबलं आहे, सर्व्हर बंद करू नका’ हे एक वाक्य त्याला समजलं तरी पुष्कळ. भिंतीवर चिकटवायचा एकपानी कागद याच भाषांत, मोठ्या टायपात. स्वतःचं ऑफिस काढलंत तर पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, तो रंगाऱ्याला आधीच सांगा.

## टप्पा ६: पैसे घेऊन चाचणी

फुकट चाचणी देऊ नका. फुकट वस्तूसाठी कोणी पीसी रात्री चालू ठेवत नाही. रक्कम लहान असू दे, पण बिल होऊ दे. मुदत सहा आठवडे. गणपती, दिवाळी, मार्चअखेर आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा आठवडा टाळून तारखा घ्या.

यशाची व्याख्या सुरुवातीलाच एका वाक्यात लिहा: ‘संध्याकाळी सातला दिलेली २४ सिम्युलेशन सकाळी सहापर्यंत पूर्ण, ३० पैकी २८ रात्री.’ तुलनेसाठी त्यांच्या मागच्या पाच कास्टिंगना मेथडिंगमध्ये किती दिवस गेले ते आधीच नोंदवून घ्या. नंतर कोणाला आठवत नाही.

सावधान: ‘रिजेक्शन कमी होईल’ असं वचन देऊ नका. रिजेक्शन वाळूच्या ओलाव्यावर, धातूच्या रसायनावर, साच्यातल्या वाळूच्या कोअरमधून निघणाऱ्या वायूवर आणि ओतणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतं. तुम्ही फक्त जास्त पर्याय लवकर तपासून देता. तेवढंच विका.

किंमत प्रोसेसरच्या कोअरमागे किंवा तासामागे लावू नका. मालकाला ते मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्याच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. एका कारखान्याला वर्षाची एक रक्कम, बसवणी वेगळी. ती ठरवायला दोन प्रश्न पुरतात: पॅटर्न एकदा दुरुस्त करायला किती खर्च येतो आणि चाचणीची एक हीट केवढ्याला पडते? वर्षातून तशा किती चाचण्या वाचल्या तर हे परवडेल, हे त्याला स्वतःलाच मांडू द्या.

विजेचा प्रश्न येतोच, म्हणून उत्तर तयार ठेवा. आठ पीसी, प्रत्येकी २०० वॅट, आठ तास म्हणजे १२.८ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर रात्रीचे सुमारे १०२ रुपये.

‘मग क्लाउडच का नको?’ हाही प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. महिन्यातून दोन-तीन रात्रीच काम असेल तर क्लाउड भाड्याने घेणं स्वस्त पडतं, तसं सांगून टाका. रोज काम असेल, पीसी आधीच विकत घेतलेले असतील आणि ग्राहकाची ड्रॉइंग बाहेर न पाठवण्याची अट असेल, तेव्हा तुमची बाजू भक्कम होते. त्याच कारणासाठी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर कधीही चालवू नका, घाईतसुद्धा.

## टप्पा ७: करार आणि बिल

करारात ड्रॉइंगची गोपनीयता, प्रतिसादाची वेळ, बंद पडल्यास जास्तीत जास्त जबाबदारी (वर्षाच्या शुल्काइतकी) आणि न्यायक्षेत्र बेळगाव, एवढं हवंच. संगणकाच्या निकालावरून पॅटर्न बदलायचा निर्णय मेथड इंजिनिअरचा राहील, हेही लिहा.

जीएसटी १८ टक्के. उद्यमबागेतल्या गिऱ्हाइकाला केंद्र ९ आणि राज्य ९. कोल्हापूरजवळच्या शिरोळी किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला विकलं तर राज्याची सीमा ओलांडली, म्हणून आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी). हद्द अर्ध्या-एक तासाच्या अंतरावर असल्याने ही चूक इथे फार होते. बिल करताना गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा: २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. नुसती सेवा देणाऱ्याला, उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर, राज्याबाहेर बिल केलं म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. पण मोठी गिऱ्हाइकं इनपुट क्रेडिटसाठी (दिलेल्या जीएसटीच्या वजावटीसाठी) नोंदणी मागतातच.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्या बिलाआधी करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. वर्षअखेर थकलं तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी करात वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की त्यांचा चार्टर्ड अकाउंटंटच तुमची वसुली करतो.

## टप्पा ८: दुसरं आणि तिसरं गिऱ्हाईक

दुसरं गिऱ्हाईक त्याच धंद्यातलं घ्या. पहिली फाउंड्री झाली की हायड्रॉलिक्सकडे धावू नका. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कोडची वेगळी प्रत करणं ही लॅबची सवय आहे. तिसऱ्या कारखान्यापर्यंत तीन वेगळी सॉफ्टवेअर सांभाळावी लागतात. फरक फक्त सेटिंगच्या फाइलीत ठेवा.

सर्व्हर म्हणून वापरता येईल असा एक छोटा पीसी तयार करून ऑफिसात ठेवा. बिघाड झाला की तिथे जाऊन दुरुस्त करत बसायचं नाही. पेटी बदलायची, रांगेची प्रत भरायची आणि जुनी पेटी उचलून आणायची. उद्यमबागेत हे तासाभरात होतं. निपाणीला किंवा अथणीला गिऱ्हाईक असेल तर एक पेटी त्यांच्याकडेच ठेवून या.

तिसऱ्या कारखान्याची बसवणी मूळ कोड लिहिणाऱ्याने करायची नाही. नवीन मुलाला सेटिंगचा कागद आणि इन्स्टॉलर देऊन पाठवा, आणि त्या दिवशी कोड लिहिणाऱ्याचा फोन बंद ठेवा. तो जिथे अडला ते कागदावर लिहून आणेल. तेवढं दुरुस्त होईपर्यंत चौथ्या कारखान्याला तारीख देऊ नका.